भाकरी आणि इष्टांक

पुण्याच्या भवानी पेठेत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांनी १९७४ साली स्वतःची खानावळ काढली. १९७२च्या दुष्काळाची झळ अजून जाणवत होती, महागाई वाढत होती आणि हॉटेलातलं पोटभर जेवण हमालीच्या कमाईत बसत नव्हतं. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालच्या हमाल पंचायतीनं खानावळीचं नाव ठेवलं ‘कष्टाची भाकर’. तत्त्व एकच : ना नफा, ना तोटा. जेवणारा पैसे मोजून जेवतो, फक्त ते त्याला परवडतात. पुढे रिक्षावाले आले, बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं आली. पन्नास वर्षं उलटली तरी भाकऱ्या थापल्या जात आहेत.

याच्याशेजारी दुसरा अनुभव ठेवून पाहण्यासारखा आहे. १९९५मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आणली. हेतू चांगला होता, केंद्रंही भराभर उभी राहिली. काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि कित्येक केंद्रांच्या जागी वडापाव नि चहा विकला जाऊ लागला. पदार्थ तोच, पण एक खानावळ टिकली आणि दुसरी मोडली. भवानी पेठेत जेवणारा हमाल हा संघटनेचा सभासद आहे. भाव वाढला किंवा चव बिघडली तर त्याला पंचायतीत बोलता येतं. सरकारी केंद्रावर जेवणाऱ्याला असं विचारायला जागाच नव्हती.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हाही संघटनेचंच बळ कामी आलं. सावकाराच्या तावडीतल्या या बायका बँकेच्या कर्जाला पात्र ठरल्या. दुसऱ्यांची भूक भागवणाऱ्यांचं स्वतःचं घर चालणं, हाही भुकेच्याच प्रश्नाचा भाग आहे.

मात्र खानावळ त्या वेळेची भूक भागवते. महिन्याच्या धान्याची हमी देतं ते रेशन कार्ड. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत मिळतं. हा हक्क सहजासहजी आलेला नाही. २००१मध्ये सरकारी गोदामं भरलेली असताना राजस्थानात माणसं उपाशी होती. त्यावरून पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथून ‘अन्नाचा अधिकार’ हा विषय देशाच्या चर्चेत आला.

२०२०च्या टाळेबंदीत महाराष्ट्रानं शिवभोजन थाळी दहावरून पाच रुपयांवर आणली. गुरुद्वारे, तरुण मंडळं, कामगार संघटना किराणा वाटत होत्या. ते काम मोलाचं होतं. त्यानं माणसं जगली. पण वाटप करणाऱ्यांना वस्त्यावस्त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : कुणाचं कार्ड गावाकडे, कुणाचं बंद पडलेलं, कुणाकडे ते कधी नव्हतंच. तेव्हापासून अनेक कार्यकर्त्यांचं काम शिध्याच्या पिशवीकडून अर्जाकडे वळलं. हे काम फोटोत दिसत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढवायचं, आधार जोडायचा, रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हातारीला तिचं धान्य मिळवून द्यायचं, आणि त्यासाठी शिधावाटप कार्यालयाच्या खेपा घालायच्या. भुकेविरुद्धचं आजचं सर्वांत गरजेचं काम हेच आहे.

दिवाळी सरता सरता बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे त्यांना फडाजवळच्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. घरातले निम्मे लोक गावी राहिले तर त्यांचा वाटा तिकडे, यांचा इकडे, अशीही सोय आहे. पण हे टोळीतल्या बाईला कुणीतरी सांगायला हवं. मुकादम सांगेलच असं नाही. इथे गावातला बचत गट, शाळेतले शिक्षक, आशा कार्यकर्ती यांचा शब्द कामी येतो.

सर्वांत अवघड गाठ वेगळीच आहे. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळू शकणाऱ्यांची कमाल संख्या, सुमारे सात कोटी आहे आणि ती २०११च्या जनगणनेवर ठरली. उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार. शहरातली मर्यादा महिन्याला पाच हजारांच्याही खाली जाते. त्या पैशात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा बिगारी नवरा मिळून एवढं सहज ओलांडतात, आणि सरकारदरबारी ते गरीब राहत नाहीत. ही मर्यादा बदलली पाहिजे आणि त्यासाठी संघटनांनी सरकारकडे अडून बसलं पाहिजे.

तोवर आहे त्या इष्टांकात जागा शोधता येते. यादीतली मयत आणि दुबार नावं कमी झाली की नव्या कुटुंबाला वाव मिळतो. कायद्याच्या २८व्या कलमात रेशन दुकानाच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, आणि दुकानपातळीवर दक्षता समितीही नेमायची आहे. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचली, तर कोण वारलं, कोणाच्या घरात पगार येतो आणि पाड्यावरची कुठली एकटी बाई अजून कार्डाविना आहे, हे सांगायला गावाला कुठल्याही मशीनची गरज पडत नाही.