उभी दमणी

रावेर तालुक्यातल्या एका गावात एक शेतकरी राहत होता. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीत त्याची केळीची बाग होती. घरात बायको होती, दोन मुलं होती. धाकट्या बहिणीचं लग्न बऱ्हाणपूरपलीकडच्या एका खेड्यात झालं होतं. तिच्या सासरी जमीन होती, विहीर होती, माणसं मायाळू होती. "पोर चांगल्या घरी पडली," असं सगळे म्हणत. ते ऐकून भावाचं मन निवांत होई.

शेतकऱ्याकडे दोन गाड्या होत्या. एक बंडी होती. शेणखत, कडबा, केळीचे घड, जे असेल ते वाहत ती बारा महिने राबे. दुसरी होती दमणी. हलकी, सागाची, वर बांबूच्या कामट्यांचा टप, आत गादी. ती वडिलांनी हौसेने करवून घेतली होती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. तेव्हा वडील याच दमणीतून ते पाहायला गेले होते. महाशिवरात्रीला घरची माणसं तिच्यातूनच चांगदेवच्या यात्रेला जात. आणि आखाजीला, दिवाळीला मुलीला माहेरी आणायला हीच दमणी निघे.

पावसाळ्यात मात्र दमणीला काम नसे. काळी माती चाक धरून ठेवी. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या भरून वाहत. आषाढ लागला की दमणी उभी राही, ती दिवाळीपर्यंत. वडील होते तोवर तिची व्यवस्था त्यांनीच पाहिली. ते गेले, आणि दमणी कुठे ठेवायची हा प्रश्न मुलापुढे आला.

पहिल्या वर्षी त्याने ती अंगणातल्या निंबाखाली उभी केली. बाजारातून नवी ताडपत्री आणली, दमणीवर टाकली आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून दोरीने घट्ट बांधली. "एक थेंब आत जायचा नाही," तो बायकोला म्हणाला.

थेंब खरोखरच आत गेला नाही. पण जमिनीची ओल वर चढली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. दिवाळीच्या तोंडावर त्याने दोरी सोडली तेव्हा कोंदट वास अंगावर आला. टपाचं कापड बुरशीने काळं पडलं होतं. गादी कुजली होती. एक चाक चिखलात रुतून बसलं होतं आणि तिथलं लाकूड नखाने उकरावं इतकं मऊ झालं होतं. बहिणीला आणायला त्याने शेजाऱ्याची गाडी मागून नेली.

"आपली दमणी कुठे रे, भाऊ?" बहिणीने विचारलं.

"दुरुस्तीला आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी त्याने ठरवलं, आता उघड्यावर ठेवायची नाही. नवं कापड घालून, चाक दुरुस्त करून घेतलेली दमणी त्याने गोदामात नेली. तिथे पक्कं छप्पर होतं, तिन्ही बाजूंना भिंती होत्या, पुढे दार होतं. भिंतीला टेकवून ती उभी केली. आत जागा रिकामी दिसली म्हणून तिच्यातच सरकीच्या पेंडेचं पोतं ठेवलं. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खुंटीला अडकवली. "छप्पर पक्कं आहे. आता काळजी नाही," तो म्हणाला.

त्या वर्षी पेंडेच्या वासाने उंदीर आले. पोतं संपलं तेव्हा त्यांनी गादी धरली. भिंतीतून उधई निघाली, ती दमणीच्या दांडीत शिरली. दिवाळीला कुलूप उघडून त्याने दांडीवर हात ठेवला, तर अंगठा आत गेला. पुन्हा शेजाऱ्याची गाडी निघाली. बहिणीने या वेळी काही विचारलं नाही. बैलाच्या मानेवरून हात फिरवून ती गुपचूप आत बसली.

तिसऱ्या वर्षी दांडी बदलून घेतली, पण आषाढ जवळ आला तसा तो अस्वस्थ झाला. कुणी म्हणालं, रावेरात फरशीची वखार आहे, चार महिने भाड्याने घे. कुणी म्हणालं, चाकं काढून माळ्यावर टाक. कुणी म्हणालं, विकून मोकळा हो. कुणाचं ऐकावं ते त्याला कळेना. शेवटी ज्या म्हाताऱ्या सुताराने दमणी बांधली होती त्याच्याकडे तो गेला आणि त्याला घरी घेऊन आला.

म्हाताऱ्याने दमणीभोवती एक फेरी मारली. चाकाच्या तुंब्यावर हात ठेवला, आरे एकेक करून वाजवून पाहिले. मग ओट्यावर बसला.

"बाबा, हिला कुठे ठेवू, तेवढं सांगा," शेतकरी म्हणाला.

"पहिल्या वर्षी चार महिन्यांत ताडपत्री किती वेळा सोडलीस?"

"सोडली नाही. घट्ट बांधली होती ना."

"दुसऱ्या वर्षी कुलूप किती वेळा काढलंस?"

शेतकरी गप्प राहिला.

"तुझे वडील कुठे ठेवत होते?"

"इथेच, निंबाखाली. तट्ट्याचं साधं छप्पर घालून."

"म्हणजे जागा तीच," म्हातारा म्हणाला. "पण तो दर अमावास्येला तेलाची वाटी घेऊन हिच्यापाशी बसायचा. तुझं तेवढं राहिलं."

मग त्याने नीट समजावून सांगितलं. कण्याखाली दगड रचायचे, म्हणजे चाकं जमिनीपासून सुटी राहतात. दांडी उचलून टेकूवर ठेवायची. आत दाणा, पेंड, गादी काही ठेवायचं नाही. वरून झाकायचं, पण बाजू मोकळ्या सोडायच्या, वारा खेळला पाहिजे. दांडीला आणि साट्याला करंजाचं तेल पुसायचं, कण्याला एरंडेलाचं वंगण द्यायचं. उघडीप पडली की ऊन दाखवायचं, तेही बेताने. लाकूड फार वाळलं तर आकसतं आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडते. "आणि दर अमावास्येला चाकं हाताने फिरव, खाली वाकून बघ," तो म्हणाला. "एवढं केलंस तर ती कुठेही राहील."

म्हाताऱ्याने सांगितलं तसं शेतकऱ्याने केलं. आषाढी अमावास्येला पाऊस कोसळत होता. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तो दमणीपाशी गेला. चाकं फिरवली, तेल पुसलं. सगळं ठीक होतं.

श्रावणी अमावास्येला पोळा होता. बैलांना आंघोळी घातल्या होत्या, शिंगं रंगवली होती. बायको ओवाळणीचं ताट सजवत होती. तेवढ्यात तो निंबाखाली जाऊन दमणीखाली वाकला, तर दगडावर बोटभर उंचीची मातीची रेघ चढलेली दिसली. त्याने ती खरवडली. आत उधई होती. अजून ती लाकडापर्यंत पोचली नव्हती. त्याने दगड झाडून घेतला आणि तेल चोळलं.

"बरं झालं, आज पाहिलं," तो बायकोला म्हणाला. "अजून महिना गेला असता तर दांडी गेली असती."

बायको जरा थांबली आणि म्हणाली, "अहो, नणंदबाईंकडे पावसाळ्यात आपण कधी जातो का?"

"यंदाही राखी टपालाने आली की. आणि ती चांगल्या घरी आहे. तिची काळजी नाही."

बोलून झालं आणि त्याचा हात चाकावरच थांबला. मागच्या वर्षी कुलूप लावताना त्याने असंच म्हटलं होतं. नद्यांना पूर होता, गाडीवाट बंद होती, हे खरं. पण रावेर स्टेशनावरून बऱ्हाणपूरची आगगाडी पावसाळ्यातही जात होती. इतक्या वर्षांत तिच्यात बसून जावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो स्टेशनावर गेला. बऱ्हाणपूरला उतरून, पुढची वाट चिखल तुडवत, संध्याकाळी बहिणीच्या दारात उभा राहिला. त्याला पाहून ती आधी घाबरली. "माहेरी सगळं बरं आहे ना?" तिने विचारलं.

घर तसंच होतं, माणसं तशीच मायाळू होती. पण आषाढात सासू अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं करून, घर आणि गुरं सांभाळून बहीण वाळून गेली होती. रात्रीची झोप तिला मिळत नव्हती.

"कळवायचं तरी," तो म्हणाला.

"काय कळवायचं, भाऊ? दिवाळीला आले असते तेव्हा सांगितलंच असतं."

तो काही दिवस तिथेच राहिला. गुरांचं वैरणपाणी त्याने आपल्याकडे घेतलं. नंतर त्याची बायको आली आणि म्हातारीच्या उशाशी बसली. कितीतरी दिवसांनी बहीण रात्रभर झोपली.

दिवाळीला दमणी निघाली. दांडी मजबूत होती, टप कोरडा होता, चाकं कुरकुर न करता फिरत होती. बहिणीने सासूच्या पाया पडून निरोप घेतला आणि ती आपल्या माहेरच्या दमणीत बसली.

आता खानदेशातून दमण्या गेल्या. पण वापरायच्या गाड्या कुठे ना कुठे उभ्या कराव्या लागतातच. बर्फाच्या मुलखात लोक घरासारख्या मोटारींतून उन्हाळाभर फिरतात आणि हिवाळ्यात त्या उभ्या करून ठेवतात. पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून सगळं पाणी काढतात, आत खायचं काही ठेवत नाहीत, ओल साचू देत नाहीत. आणि जाणती माणसं मधूनमधून जाऊन दार उघडून पाहतात. म्हाताऱ्या सुताराने सांगितलं तेच हे शहाणपण आहे.

जागा चांगली निवडावी, यात शंका नाही. पण चांगल्या जागेचा एक धोका असतो, ती आपल्याला निश्चिंत करते. चांगल्या जागी ठेवलेल्या वस्तूकडे आणि चांगल्या घरी दिलेल्या माणसाकडे जाणं आपण सगळ्यात आधी सोडतो. वस्तू हाक मारत नाही, आणि समजूतदार माणूसही मारत नाही. म्हणून जिथली काळजी मिटली असं वाटतं, तिथे न बोलावता एकदा जाऊन यावं.