तुरुंगाबाहेरचा तुरुंग

फिल्म सोसायटीत चित्रपट संपून चर्चा सुरू झाली की कोणीतरी म्हणतंच, ‘संदेश आला की कला संपली.’ माना डोलतात. मला ते खुपतं. असं म्हणणाऱ्यांनी ‘योल’ हा तुर्की चित्रपट पुन्हा पाहावा.

त्याची जन्मकथा सर्वश्रुत आहे. यिल्माझ ग्युनेयने तुरुंगात लिहिलेली पटकथा शेरीफ ग्योरेनने चित्रित केली, १९८२ मध्ये कानला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि तुर्कस्तानात १९९९ पर्यंत बंदी राहिली. पण चित्रपटातल्या, तुरुंगातून रजेवर सुटलेल्या कैद्यांना खरा तुरुंग भेटतो तो घरी. त्यांतल्या सेयित अलीची बायको झिने बदनाम झालेली, घरच्यांनी साखळीने बांधून ठेवलेली. तिला त्यानेच मारावं ही सगळ्यांची अपेक्षा. आपल्या हाताने मारवत नाही, म्हणून तो तिला बर्फातून चालवत नेतो. ती कोसळल्यावर मात्र तिला पाठीवर घेऊन जगवायला धडपडतो. तिथे एकही सैनिक हजर नाही.

सत्तेकडे बोट दाखवणं वेगळं आणि ती माणसाच्या हातापायांत कशी भिनते हे दाखवणं वेगळं, असं मी नेहमी मानत आलो. मेतिन एर्कसानच्या ‘सुसूझ याझ’मधला उस्मान तरी कोण? झरा माझ्या जमिनीत, म्हणून पाणीही माझं, म्हणणारा साधा शेतकरी. ग्युनेयच्याच ‘उमुत’मध्ये अदानाच्या टांगेवाल्याचा घोडा मोटारीखाली मरतो आणि पोलीस दोष टांगेवाल्यालाच देतात. पुढे तो गुप्तधनासाठी माळरान खणत सुटतो. त्याला भोळसट म्हणून हसणं मला क्रूर वाटतं. रीतसर दाद मागायचे सगळे रस्ते बंद झाल्यावर माणसाने खणायचं तरी कुठे?

याच कसोटीवर नुरी बिल्गे जेलानचा ‘विंटर स्लीप’ मला श्रेष्ठ वाटायचा. भाडेकरूचा मुलगा घरमालक आयदनच्या गाडीवर दगड मारतो. पुढे आयदनच्या बायकोने दिलेले पैसे मुलाचा बाप आगीत टाकतो. घोषणा एकही नाही. मात्र चित्रपटाचा बहुतेक वेळ जातो तो आयदनच्या उबदार खोल्यांत, त्याच्या सुसंस्कृत वादांत. तो दगड कुठून आला हे शोधायला कॅमेरा भाडेकरूच्या घरी फारसा रमत नाही. म्हणजे सूक्ष्मतेलाही आपला वर्ग असतो, आणि बोट दाखवण्याला मी फार कमी लेखत होतो.

२०१४ मध्ये कानला तोच सर्वोच्च सन्मान स्वीकारताना जेलानने तो वर्षभरात जीव गमावलेल्या तुर्की तरुणांना अर्पण केला. जे त्याला व्यासपीठावरून म्हणावं लागलं, ते ग्युनेय पडद्यावरच म्हणाला असता, बंदीची तमा न बाळगता.