शुश्रूषा करणारांचा विसावा

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत एक लहानशी हकीकत आहे. प्रभूनें बारा जणांस दोघे दोघे करून गांवोगांव पाठविलें होतें. त्यांनीं उपदेश केला, पुष्कळ रोग्यांस तेल लावून बरें केलें, आणि परत येऊन सर्व वर्तमान प्रभूस कळविलें. त्या वेळीं येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी गर्दी होती कीं, त्यांस जेवावयासही सवड मिळेना. तेव्हां प्रभूनें त्यांस रानांत एकांत जागीं बोलावून थोडा विसावा घेण्यास सांगितलें. हे लोक आळसानें थकले नव्हते, वाईट कामानेंही थकले नव्हते. ते चांगल्या कामानें थकले होते. चांगलें कामही मनुष्याचें शरीर झिजवितें हें प्रभूस ठाऊक होतें, आणि त्याबद्दल त्यांस दोष न लावितां त्यानें रानाची वाट दाखविली.

आज आपल्या मंडळींत असे थकलेले कोण आहेत? उपासनेच्या वेळीं मागल्या रांगेकडे पाहूं नका. ते तेथें नाहींत. ते घरीं आहेत. कोठें सासूस अर्धांगवायु झाला आहे, आणि सून तिचें सर्व करीत आहे. कोठें जन्मतः पांगळा मुलगा आहे; तो आतां वीस वर्षांचा झाला, पण आईच्या हातूनच जेवतो. कोठें एखादा म्हातारा आपल्या म्हातारीस संभाळीत आहे. तिची स्मृति गेली आहे, आणि ज्याच्याबरोबर पन्नास वर्षें संसार केला त्यासच ती, तुम्ही कोण, असें विचारते. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याची कूस सुमारें दर दोन तासांनीं बदलावी लागते, नाहीं तर पाठीस जखमा होतात. अन्न मऊ करून भरवावें, मलमूत्र काढावें, अंग पुसावें, रात्रीं हांक आली कीं उठावें. इस्पितळांतील परिचारिकेची पाळी संपते व दुसरी तिच्या जागीं येते. घरच्या परिचारिकेची पाळी संपत नाहीं, कारण तिच्या जागीं येणारें कोणी नसतें.

हा भार मनावरच पडतो असें नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच ह्या दोघां संशोधकांनीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं वृद्ध पतिपत्नींची सुमारें ४ वर्षेंपर्यंत माहिती ठेविली. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करून ज्यांस तिचा ताण होत होता, त्यांच्यांतील मृत्यूचें प्रमाण, असा भार नसलेल्या लोकांपेक्षां शेंकडा ६३ नें अधिक आढळलें. ज्यांस शुश्रूषा करूनही ताण होत नव्हता, त्यांच्यांत अशी वाढ दिसून आली नाहीं. म्हणजे घात होतो तो सेवेनें नव्हे, तर एकट्यानें सोसलेल्या ताणानें, असें दिसतें.

इंग्लंडांत ही गोष्ट उघडपणें बोलून दाखविणारी एक धर्मसेविका होती. तिचें नांव मेरी वेब्स्टर. ती काँग्रिगेशनल मंडळीची पाळक होती. १९५४ सालीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं, वृद्ध आईबापांस संभाळण्याकरितां तिला आपलें काम सोडावें लागलें. १९६३ सालीं तिनें वर्तमानपत्रास पत्र लिहून, आईबापांची शुश्रूषा करीत घरांत अडकून पडलेल्या अविवाहित स्त्रियांची स्थिति लोकांपुढें मांडली. तशाच कित्येक स्त्रियांनीं तिला उत्तरें लिहिलीं, आणि १९६५ सालीं त्यांतून एक संस्था उभी राहिली. आज केअरर्स यूके ह्या नांवानें जी संस्था सर्व प्रकारच्या शुश्रूषा करणारांकरितां झटते, तिचा उगम तेथें आहे.

आतां त्या देशांत अशा लोकांचे लहान लहान मेळे ठिकठिकाणीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळ मेळे ऋतूऋतूंस मिळून रानांत फिरावयास जातात. थंडी सरण्यापूर्वींच स्नोड्रॉपचीं इवलीं पांढरीं फुलें वर येतात, तीं पाहावयास ते फेब्रुवारींत निघतात. एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यांत झाडांखालची सारी जमीन ब्लूबेलच्या निळ्या फुलांनीं झांकून जाते. शरदांत बीच वृक्षांचीं पानें तांबूस व सोनेरी होतात, तेव्हां त्या पानांवरून ते चालतात. शेवटीं एकत्र बसून चहा घेतात व घरीं जातात. ह्यांत मोठा खर्च नाहीं. परंतु चार भिंतींत राहणारास बाहेर ऋतु पालटला हेंही कळत नाहीं. तें त्यास कळतें. समोरासमोर बसून जें दुःख तोंडांतून निघत नाहीं, तें शेजारीं चालतांना सहज निघतें. आणि ऐकणाराही त्याच वाटेनें गेलेला असल्यामुळें त्यास फार उलगडून सांगावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, हें परदेशच्या लोकांस शोभतें. आमची बाई पहांटेपासून चालतच असते. पाणी आणते, सरपण आणते, शेतावर जाते. तिला आणखी चालावयास कां सांगतां? ही शंका योग्य आहे, म्हणून तिचें उत्तर नीट ऐका. डोक्यावर भारा, आणि मनांत घरीं एकट्या पडलेल्या रोग्याची धास्ती, असें चालणें हा विसावा नव्हे. रिकाम्या हातांनीं, घाई नसतां, घरीं कोणी बसलें आहे ह्या भरंवशानें चालणें निराळें. एलीया भविष्यवादी रानांत एका झुडपाखालीं मरण मागत निजला, तेव्हां देवदूतानें त्यास आधीं उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां निजूं दिलें (१ राजे १९). प्रभूनें शिष्यांस रानांतील फुलांकडे लक्ष लावण्यास सांगितलें, तेंही चिंतेनें भरलेल्या लोकांसच सांगितलें (मत्तय ६).

झाडाझुडपांकडे पाहणें हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. १९८४ सालीं रॉजर उलरिक ह्या संशोधकानें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील एका इस्पितळाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या २३ रोग्यांस खिडकींतून झाडें दिसत होतीं, आणि त्यांच्याशीं मिळत्याजुळत्या दुसऱ्या २३ रोग्यांस विटांची भिंत दिसत होती. झाडें पाहणारे थोडे लवकर घरीं गेले, व वेदना शमविण्याचीं तीव्र औषधें त्यांस कमी लागलीं. रोग्यास जें हितकर, तें रोग्यापाशीं बसणारास कां हितकर नसावें?

दुसरी अडचण ह्याहून मोठी आहे. तुम्हीं बोलाविलें तरी ती बाई येत नाहीं. ती म्हणते, लोक नांवें ठेवतील. सासू अंथरुणावर आणि ही हिंडावयास गेली. कित्येकींस तर विसावा घेणें हेंच पाप वाटतें. अशा भगिनीस इथ्रोची गोष्ट सांगा. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. त्याच्या सासऱ्यानें तें पाहून स्पष्ट सांगितलें कीं, हें चांगलें नाहीं. अशानें तूं झिजून जाशील आणि हे लोकही झिजतील (निर्गम १८). विसाव्याच्या दिवसाची आज्ञाही पाहा. ती घरधन्यापुरती दिलेली नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, इतकेंच नव्हे तर बैल व गाढव ह्यांचीं नांवें तींत आहेत, आणि दासदासींस धन्याप्रमाणेंच विसावा मिळावा असें कारणही दिलें आहे (अनुवाद ५). मग घरचे पुरुष विसावा घेतात आणि सून वर्षाचे सर्व दिवस एका खाटेपाशीं राबते, तेव्हां ती आज्ञा कोण मोडतो? ती बाई मोडीत नाहीं. जे तिला मोकळी करीत नाहींत ते मोडतात.

ह्याकरितां मार्काची हकीकत पुढें वाचा. शिष्य मचव्यांत बसून एकांत जागीं गेले, पण लोक पायवाटेनें धांवत त्यांच्या आधीं तेथें पोंहचले. तेव्हां प्रभूनें काय केलें? शिष्यांनो, उठा, हे लोक संभाळा, असें म्हटलें नाहीं. तो स्वतः पुढें झाला व स्वतः त्यांस शिकवूं लागला. ज्यानें विसाव्यास बोलाविलें, त्यानेंच आलेला भार प्रथम आपल्या अंगावर घेतला. बंधूंनो, ह्यांतच आपला धडा आहे. शुश्रूषा करणारास, जरा बाहेर चला, असें म्हणणें सोपें आहे. परंतु रोग्याच्या उशापाशीं कोण बसेल, ह्याचें उत्तर बरोबर नेलें नाहीं, तर तें बोलावणें पोकळ आहे.

शेजाऱ्यांनीं हें काम करावें ह्यांत नवें कांहीं नाहीं. केरळांत १९९३ सालीं कोझिकोड येथें पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन झाली. पुढें त्या प्रांतांत गांवोगांवचे साधे लोक थोडें शिक्षण घेऊन असाध्य रोग्यांच्या घरीं जाऊं लागले, आणि २००८ सालीं तेथील सरकारनेंही ह्या कामाविषयीं आपलें धोरण ठरविलें. त्यांतील बहुतेक लोक वैद्य नाहींत, शेजारी आहेत. तितकें तर आपणही होऊं शकतों.

मंडळीच्या पाळकांनीं, उपदेशकांनीं व बायबल-स्त्रियांनीं हें असें करावें. प्रथम रोग्याची संमति घ्या. त्याच्या पाठीमागें बेत करूं नका. बसावयास दोघे जण जा, आणि स्त्री आजारी असेल तर स्त्रियांनींच जावें. आठवडाभर आधीं एकदां जाऊन कूस कशी पालटावी, डोकें उंच करून पाणी कसें पाजावें, कोणतें औषध केव्हां द्यावें, हें घरच्या माणसापासून शिकून घ्या. फिरावयास जाणारीचा मोबाईल जवळ असूं द्या. रोग्यापुढें लांब व्याख्यान करूं नका. तो बोलेल तें ऐका. आणि त्या घरांत जें पाहाल तें गांवांत सांगूं नका. एक जीभ सैल सुटली, तर पुढें कोणतेंही दार उघडणार नाहीं.

फिरावयास दोन तास पुष्कळ झाले. श्रावणांत पाऊस उघडला कीं माळाच्या वाटेनें जावें. ओढ्याकांठीं जाऊं नये, कारण वर पाऊस झाला असतां पाणी एकाएकीं चढतें. भाद्रपदांत तेरडा फुलतो, व घांटाकडील डोंगरउतार सोनकीनें पिवळे होतात. पौषांत देशावर ज्वारी भरते; ज्याचें शेत आहे त्यानें चार कणसें भाजून हुरडा द्यावा. फाल्गुनांत पळस लाल होतो. वैशाखांत सूर्य वर येण्यापूर्वीं निघावें, बहावा पाहून ऊन चढण्याआधीं परतावें, आणि पाणी बरोबर ठेवावें. सर्व दिवसांत पायांत वाहणा व हातांत काठी असावी. जिला फार चालवत नाहीं तिनें झाडाखालीं बसावें. कोणी रडली तर रडूं द्या. कोणी मुकाट्यानें चालली तर तिला बोलावयास लावूं नका. वर्गणी मागूं नका, पाठ घेऊं नका. एक लहान प्रार्थना पुरे आहे.

परत आल्यावर खाट तेथेंच असेल, रोगही तोच असेल. एका फेरीनें घराचें दुःख संपेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अमालेकांशीं युद्ध चाललें असतां मोशेचे हात जड झाले, तेव्हां अहरोन व हूर ह्यांनीं त्याच्या जागीं दुसरा मोशे आणिला नाहीं. त्यांनीं त्यास बसावयास धोंडा दिला, एकानें एका बाजूनें व दुसऱ्यानें दुसऱ्या बाजूनें त्याचे हात धरले, आणि ते हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले (निर्गम १७). तितकेंच आपणांकडून मागितलें आहे.

तर येत्या रविवारीं उपासना संपल्यावर लगेच घरीं जाऊं नका. आपल्यापैकीं कोण पुष्कळ दिवस दिसलें नाहीं, आणि तें कोणाच्या खाटेपाशीं अडकलें आहे, हें एकमेकांस विचारा. मग त्या घरीं दोघे जण जा, आणि तेथें पोंहचल्यावर प्रथम हें सांगा कीं, बाई, आम्ही येथें बसतों. तुम्ही जरा बाहेर जाऊन या.