बुडालेली रोजी आणि प्रदेशाचा संघ

प्रदेशाचे नाव धारण करणारा व्यावसायिक क्रीडासंघ खरोखर त्या प्रदेशाचा कधी होतो, या प्रश्नाचे उत्तर सहसा खेळाडूंच्या जन्मगावांत किंवा प्रेक्षकांच्या निष्ठेत शोधले जाते. रग्बीचा इतिहास मात्र अधिक रोकड्या उत्तराकडे नेतो: खेळण्यासाठी कामावर न गेलेल्या माणसाची बुडालेली रोजी कोण भरून देतो, आणि त्या बदल्यात संघावर कोणाची सत्ता चालते, यावर ते नाते ठरते. कोळसा, धान, बांबू आणि तेंदूपत्ता यांवर जगणाऱ्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना हा इतिहास वाटतो तितका परका नाही.

रग्बीत लंबगोल चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची पकड चुकवत तो त्यांच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवायचा असतो आणि हाताने सहकाऱ्याकडे दिलेला चेंडू पुढच्या दिशेने जाऊन चालत नाही. या खेळाची घडी इंग्लंडच्या श्रीमंत निवासी शाळांत बसली. पण उत्तर इंग्लंडच्या गिरणी व खाणकामगारांनी तो आपलासा केला, तेव्हा शनिवारी सामना म्हणजे अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी, ही अडचण उभी राहिली. ही बुडालेली मजुरी क्लबांनी भरून द्यावी, असा ठराव १८९३ साली रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेपुढे आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. कारण हौशी खेळाडूच शुद्ध खेळाडू, हे तत्त्व ज्यांची रोजी कधी बुडतच नव्हती त्यांना सहज परवडणारे होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेच्या क्लबांनी वेगळी संघटना स्थापन केली आणि दिवसाला ६ शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. पुढे १८९८ मध्ये उघड मानधनाला मुभा देतानाही खेळाडूला दुसरे नियमित काम असलेच पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. अर्थात व्यावसायिक खेळाचा हा आरंभ श्रमिक जीवनाला जोडून होता, त्यातून सुटण्यासाठी नव्हता.

मूळ संघटनेच्या परंपरेतील रग्बीने पैशावरील बंदी उठवली ती थेट १९९५ साली, आणि त्यानंतरच्या उलथापालथीत प्रादेशिक संघ ही कल्पना वेल्समध्ये पुढे आली. खाणींच्या खोऱ्यांत वाढलेल्या तेथील क्लबांना नव्या खर्चाचा भार पेलेना, म्हणून २००३ मध्ये वरच्या श्रेणीतील ९ क्लबांच्या जागी ५ प्रादेशिक संघ करण्यात आले. त्यांपैकी पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड या क्लबांना जोडून बनलेल्या केल्टिक वॉरियर्स या संघाने पहिल्याच हंगामात, त्या वर्षी युरोपीय चषक जिंकणाऱ्या लंडनच्या वॉस्प्स संघाला त्याच्याच मैदानावर हरवले. तरीही २००४ च्या उन्हाळ्यात मालकीचे भाग हातोहात जाऊन अखेर संघ गुंडाळला गेला. हे अपयश मैदानातले नव्हते. ज्या खोऱ्यांतून खाणी आधीच गेल्या होत्या तेथील लोकांना आपला संघ ठेवावा की मोडावा यावर मत देण्याचा अधिकारच नव्हता.

महाराष्ट्रात व्यावसायिक रग्बीचा प्रयोग झाला तो जून २०२५ मध्ये, जेव्हा सात-सात खेळाडूंच्या रग्बीची ६ संघांची लीग मुंबईत भरली आणि त्यात मुंबई ड्रीमर्स हा संघ उतरला. कंपन्यांच्या मालकीचे हे संघ लिलावातून उभे राहिले आणि सगळे सामने अंधेरीच्या एकाच मैदानावर झाले, त्यामुळे इतर पाच संघांना आपल्या प्रदेशाचे नाव होते, पण घरचे मैदान नव्हते. अशा रचनेत खेळाडूला मानधन मिळते, ही गोष्ट मोलाचीच आहे. मात्र ज्याच्या नावाने संघ ओळखला जातो त्या प्रदेशाचे त्यात देणे नाही, म्हणून सांगणेही नाही.

याउलट चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमी हा प्रदेशाने स्वतःच्या पैशावर उभा केलेला व्यवसाय आहे. धान निघाल्यावर, दिवाळीपासून पुढे मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. गावातील मंडळ वडसा म्हणजे देसाईगंज येथील नाटक कंपनीशी रक्कम ठरवते, तिकिटे विकते आणि नफा-तोटा स्वतः सोसते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामासाठी. कलावंताला प्रयोगाचे पैसे मिळतात, हंगाम शेतीच्या कामांना छेद देत नाही आणि नाटक आवडले नाही तर पुढच्या वर्षी गाव दुसऱ्या कंपनीकडे जाते. रग्बीच्या उत्तरेकडील क्लबांनी जे साधले, ते येथे खेळाच्या नव्हे, नाटकाच्या क्षेत्रात साधले गेले आहे.

याच गावांत कबड्डीचे सामनेही होतात, परंतु तेथे बक्षीस असते, रोजी नसते; बक्षीस जिंकणाऱ्याला मिळते, तर रोजी खेळणाऱ्या प्रत्येकाची बुडते. गुणांची वाण नाही, हे २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या ५ आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर करून दाखवले. मात्र त्या मोहिमेमागे शासनाचे प्रशिक्षण आणि पैसा उभा होता, हेही त्याच घटनेतून दिसते. नाटकाला प्रेक्षक पुरतात, संघाला मात्र तोलामोलाचे प्रतिस्पर्धीही लागतात, म्हणून एका गावाच्या बळावर हे होणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण गडचिरोलीत २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) या गावापासून पुढे अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करण्याचा आणि एकत्र येऊन व्यवहार ठरवण्याचा अनुभव घेतला आहे. आरोग्य आणि शिक्षण यांचा त्या पैशावरील हक्क पहिला असला, तरी लिलावातील बोलीच्या तुलनेत हंगामातील बुडालेली रोजी ही फार लहान रक्कम असते. कबड्डीचा असो वा उद्या रग्बीचा, या जंगलपट्टीचा संघ उभा राहायचा असेल, तर ती रक्कम गावांच्या तिजोरीतून द्यावी आणि संघ मोडण्याचा निर्णय गावांच्या सभेखेरीज कोणी घेऊ नये, या दोन अटी प्रायोजकाच्या शोधाआधी लिहून ठेवाव्या लागतील.