यात्रेकरू, पर्यटक आणि पाहुणा : कोसुमेल बेटाचा दाखला

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पासमोर, कॅरिबियन समुद्रात कोसुमेल हे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ४८ किलोमीटर आणि रुंदी सुमारे १६ किलोमीटर. पश्चिम काठावरचे सान मिगेल हे बेटावरचे मुख्य गाव. जगातल्या सर्वाधिक वर्दळीच्या क्रूझ बंदरांत त्याची गणना होते. २०१९ या एका वर्षात इथे क्रूझ जहाजांतून चाळीस लाखांहून अधिक प्रवासी आले. पाचशे वर्षांपूर्वीही या बेटावर दूरदूरची माणसे समुद्र ओलांडून येत, पण ती इश्चेल या माया देवीच्या दर्शनाला. एकाच भूमीवर या दोन्ही प्रकारची ये-जा झाल्यामुळे धर्मविचारातला एक जुना प्रश्न इथे नेमकेपणाने तपासता येतो. यात्रेकरू आणि पर्यटक यांच्यात फरक पडतो तो कशाने? श्रद्धेने, मुक्कामाच्या लांबीने, की आणखी कशाने? आणि जहाजाने आखलेली सहल नाकारून जो आपल्या जबाबदारीवर गावात शिरतो, तो या दोघांपैकी कोणाच्या जवळचा?

इश्चेल ही प्रसूती, औषधोपचार आणि विणकाम यांची देवता; चंद्राशीही तिचा संबंध जोडला जातो. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश अहवालांत तिच्या यात्रेच्या नोंदी आहेत. ताबास्को, शिकालांगो, चांपोतोन, कांपेचे अशा लांबच्या प्रांतांतून लोक कोसुमेलला येत असत. मुख्य भूमीवरचे पोले, म्हणजे आजचे एश्कारेत, हे होड्या सुटण्याचे ठिकाण. मधली खाडी रुंदीला फार नाही, पण तिथला प्रवाह उत्तरेकडे जोराने वाहतो आणि वल्ह्यांवर चालणारी होडी सहज भरकटते. युकातानमधला फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक दिएगो दे लांदा याने १५६६च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतात म्हटले आहे, की ख्रिस्ती माणसाला जेरुसलेम आणि रोम यांचे जे महत्त्व, तेच माया लोकांना कोसुमेल आणि चिचेन इत्साची विहीर यांचे होते. याच लांदाने १५६२ साली मानी या गावी माया ग्रंथांची होळी केली होती. ज्या धर्माचा त्याने इतका तिरस्कार केला, त्याच्या यात्रेची तुलना त्याला स्वतःच्या धर्मातल्या सर्वोच्च यात्रांशी करावी लागली, म्हणून ही साक्ष वजनदार ठरते.

यात्रेकरू इथे येऊन काय करीत, याचे एक चित्र लोपेस दे गोमारा या इतिहासकाराने १५५२ साली दिले आहे. देवळातली मूर्ती मोठी, भाजलेल्या मातीची आणि पोकळ होती. ती भिंतीला चुन्याने घट्ट बसवलेली असे. मूर्तीच्या पाठीमागे एक लहान खोली होती. पुजारी तिथून मूर्तीच्या पोटात शिरून बोले आणि आलेल्याच्या प्रश्नाला उत्तर देई. गोमाराला यात निव्वळ लबाडी दिसली. पण कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावण्याची रीत माहीत असलेल्या वाचकाला त्यातली दुसरी बाजूही दिसेल. कौल लावणारा माणूस काहीतरी विचारायला येतो, उत्तर कोणत्या पद्धतीने मिळावे हे तो ठरवीत नाही आणि मिळालेले उत्तर त्याच्यावर बंधनकारक असते. मूर्तीत कोण बोलत होते, या प्रश्नाच्या उत्तराने यात्रेची ही घडण बदलत नाही.

या घडणीत तीन गोष्टी येतात. पहिली, कारण : मूल हवे, आजार बरा व्हावा, पीक यावे असे काहीतरी घेऊन माणूस निघतो. दुसरी, नियम : कधी यायचे, काय वाहायचे, कुठवर जायचे हे स्थान ठरवते. तिसरी, ऋण : मागणे पुरे झाले की फेडावे लागते. व्यापार या घडणीच्या आड येत नाही. जेरेमी सॅब्लॉफ आणि विल्यम राथ्जे यांच्या नेतृत्वाखाली १९७२-७३मध्ये झालेल्या पुरातत्त्वीय संशोधनातून कोसुमेल हे सागरी व्यापाराचेही मोठे ठाणे असल्याचे चित्र पुढे आले. किनाऱ्याने जाणाऱ्या होड्या मीठ, मध, कापड आणि कोको घेऊन इथे थांबत. जत्रा आणि बाजार तेव्हाही एकत्रच होते. त्यामुळे आजच्या धक्क्यावरच्या दुकानांकडे बोट दाखवून ‘पावित्र्य गेले’ म्हणणे इतिहासाला धरून नाही.

बोलावल्याशिवाय आलेल्या परकीयांचा इतिहास इथे १५१८ साली सुरू होतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात हुआन दे ग्रिहाल्वाची जहाजे बेटाला लागली. पवित्र क्रुसाच्या सणाला बेट दिसले म्हणून त्याने त्याला सांता क्रूस हे नाव देऊन टाकले. पुढच्या वर्षी एर्नान कोर्तेस आला. त्याने देवळातल्या मूर्ती पायऱ्यांवरून खाली लोटल्या आणि त्यांच्या जागी मेरीची प्रतिमा व क्रूस ठेवला. त्यानंतरच्या काळात देवी आणि इतर आजारांच्या साथींनी बेटावरची वस्ती हजारांवरून काही शेकड्यांवर आली. कोर्तेसचा मुक्काम काही दिवसांचाच होता. मुक्काम थोडा म्हणून परिणामही थोडा, असे समजणाऱ्याला कोसुमेल हे ठोस उत्तर आहे.

अशा आगंतुकाचा हक्क किती, याचा विचार इमॅन्युएल कांट याने १७९५च्या ‘शाश्वत शांततेकडे’ या निबंधात केला. पृथ्वी गोल आणि मर्यादित आहे, तिच्या पृष्ठभागावर मुळात सर्वांचा सारखाच अधिकार आहे, म्हणून परक्याला कुठेही भेट देण्याचा हक्क आहे, असे तो मानतो. परका शांतपणे वागत असेल तोवर त्याच्याशी वैर धरता येत नाही. मात्र घरच्यासारखा पाहुणचार मागण्याचा हक्क त्याला नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो. युरोपीय राष्ट्रांनी भेट देणे आणि जिंकणे यांतला फरकच पुसला, असा स्पष्ट ठपका कांट ठेवतो. डच व्यापाऱ्यांना बंदरात येऊ देऊन स्थानिकांपासून कैद्यांसारखे वेगळे ठेवणाऱ्या जपानचा निर्णय त्याला शहाणपणाचा वाटतो.

आजच्या क्रूझ बंदराची रचना या उदाहरणाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. इथे वेगळे राहण्याची सोय पाहुण्यासाठीच केलेली असते. कोसुमेलला तीन धक्के आहेत. पुंता लांगोस्ता गावाला लागून आहे, तर पुएर्ता माया आणि इंटरनॅशनल हे दोन दक्षिणेला काही किलोमीटरवर. धक्क्यावरून बाहेर पडण्याची वाट दुकाने, उपाहारगृहे आणि दागिन्यांच्या काउंटरांमधून जाते. अनेक प्रवासी त्या आवाराच्या फाटकाबाहेर पाऊलही न टाकता परततात. बाकीचे जहाजाने विकलेल्या सहलीच्या बसमध्ये बसतात. त्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते.

स्वतंत्रपणे निघालेल्यासाठी जहाज थांबत नाही. त्यामुळे त्याला पहिल्यांदा वेळेचा हिशेब करावा लागतो. कोसुमेल ज्या किंताना रो राज्यात येते, त्याने २०१५ साली आपले घड्याळ बदलले आणि तिथे उन्हाळ्यात वेळ पुढे नेत नाहीत. जहाजावरचे घड्याळ निघालेल्या बंदराचे असेल तर दोन्हींत एका तासाचे अंतर पडू शकते. टॅक्सीला मीटर नसतो. भाडे विभागानुसार ठरलेले असते, म्हणून बसण्यापूर्वी विचारून घ्यावे लागते. गावाची आखणी मात्र परक्याला साथ देते. किनाऱ्याला समांतर रस्त्यांना ५, १०, १५ असे पाचाच्या पटीतले क्रमांक आहेत. त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या हुआरेस मार्गाच्या उत्तरेला सम, तर दक्षिणेला विषम क्रमांकाच्या आहेत. समुद्राकाठच्या मेलगार मार्गावर दुकानदार इंग्रजीत हाका मारतात आणि किमती डॉलरमध्ये सांगतात. चार-पाच गल्ल्या आत गेले की पाट्या स्पॅनिश होतात, हिशेब पेसोत होतो, शाळा सुटलेली असते आणि आलेल्या परक्याची कोणी विशेष दखल घेत नाही.

बेटाच्या आतल्या भागात, गावापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, सान हेर्वासियोचे अवशेष आहेत. दगडी इमारती लहान आणि बुटक्या आहेत. चिचेन इत्साची भव्यता इथे नाही. चुनखडीने बांधलेले ‘साकबे’ म्हणजे पांढरे रस्ते इमारतींना जोडतात. एका घराच्या भिंतीवर लाल रंगात हातांचे ठसे उमटवलेले आहेत, म्हणून त्याला ‘मानितास’ म्हणतात. जवळून पाहिले तर ठसे आकाराने लहान दिसतात. का ना नाह ही उंच वास्तू इश्चेलचे देऊळ म्हणून दाखवली जाते. प्रत्येक माया स्त्रीने आयुष्यात एकदा तरी इथे येणे आवश्यक होते, असे आज पर्यटकांना सांगितले जाते; जुन्या नोंदी यात्रेकरूंबद्दल बोलतात तेव्हा इतक्या ठामपणे नियम सांगत नाहीत.

इतिहासाला असा नीटनेटका आकार देऊन पाहुण्यापुढे ठेवण्याच्या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७३ साली ‘रंगमंचावरचा अस्सलपणा’ म्हटले. त्यांच्या मते पर्यटक वरवरच्या गोष्टींवर खूश असतो हा गैरसमज आहे. त्यालाही अस्सल काहीतरी हवे असते, म्हणूनच अस्सलाचा देखावा उभा करावा लागतो. व्हिक्टर आणि एडिथ टर्नर या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने १९७८च्या आपल्या ग्रंथात यात्रेकरू आणि पर्यटक एकमेकांत निम्मे मिसळलेले असतात, अशा अर्थाचे विधान केले. ही मते मान्य केली तर हेतूच्या आधारावर दोघांत रेघ ओढता येत नाही. यात्रेकरूही मौज करतो आणि पर्यटकही काही शोधत असतो.

मग अंतर किंवा वेळ यांचा आधार घ्यावा का? मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. ग्रीक विचारावर आयुष्य घालवलेला हा माणूस १९६२ साली प्रथमच ग्रीसला गेला, तोही क्रूझ जहाजाने. आधुनिक प्रवास त्या भूमीचा अर्थ झाकून टाकेल, ही शंका त्याला सतत होती. ऱ्होड्सच्या बंदरात तर तो जहाजावरून उतरलाच नाही. डेलॉस या ओसाड पवित्र बेटावर मात्र, तितक्याच मर्यादित वेळात, जे शोधत होतो ते भेटले असे त्याला वाटले. जहाज तेच आणि वेळही तशीच मोजकी. फरक पडला तो अनेक वर्षांच्या तयारीने आणि ठिकाणाने.

भारतीय परंपरेतले उत्तर याहून थेट आहे. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे फळ कोणाला मिळते ते सांगताना अंतराचा हिशेब केलेला नाही. ज्याचे हात, पाय आणि मन आवरलेले आहे, जो मिळेल त्यात समाधानी आणि अहंकारापासून दूर आहे, त्याला ते फळ मिळते. हा निकष कोणत्याही देवतेपुरता मर्यादित नाही, म्हणून तो कोसुमेललाही लावता येतो. यात्रेच्या तीन घटकांपैकी पर्यटकाजवळ बहुधा कारण नसते. मागणे नसलेला माणूस इश्चेलकडे काय मागणार? नियम आणि ऋण हे दोन घटक मात्र त्याच्या हाती आहेत. सान हेर्वासियोच्या भिंतीला हात न लावणे हा नियम आहे. १९९६ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालेल्या इथल्या प्रवाळांवर पाय न ठेवणे हाही नियमच. गावात राहणाऱ्याच्या खानावळीत जेवून ठरलेला दर घासाघीस न करता देणे, ही ऋण फेडण्याची साधी रीत आहे.

स्वतंत्र फिरण्याचे मोल याच मर्यादेत ठरते. कळपातून सुटला म्हणून कोणी आपोआप वरच्या पायरीवर जात नाही. जुना यात्रेकरू एकटा नव्हता आणि स्वैर तर मुळीच नव्हता. मूर्ती फोडणारा कोर्तेस मात्र पूर्णपणे आपल्या मनाचा मालक होता. जहाजाचे नियम सोडणारा माणूस गावाचे नियम पाळायला तयार असेल, तरच त्याच्या मोकळेपणाला काही अर्थ येतो.

ऋणाची ही कल्पना बेटावर आजही चालू आहे, आणि ती पाहुण्यांसाठी मांडलेली नाही. १८४७ साली युकातानमध्ये माया लोकांचे मोठे बंड सुरू झाले, तेव्हा पळून आलेल्या निर्वासितांनी दक्षिणेकडच्या एल सेद्राल इथे वस्ती केली. हल्ल्यातून वाचलेल्या कासिमिरो कार्देनास याने हातातल्या क्रुसाला नवस बोलला होता, असे सांगतात. तो नवस फेडण्यासाठी दरवर्षी एप्रिलच्या अखेरीपासून ३ मेपर्यंत तिथे जत्रा भरते. सप्टेंबरमध्ये सान मिगेल या ग्रामरक्षकाचा उत्सव होतो. इश्चेलच्या यात्रेची आठवण म्हणून एश्कारेतहून कोसुमेलला होड्या वल्हवत नेण्याचा सोहळा २००७पासून पुन्हा सुरू झाला आहे. त्यामागे पर्यटन उद्योगाचा हात आहे, तरी वल्ही मारणारे बहुतेक स्थानिकच असतात आणि त्यासाठी ते महिनोन्महिने सराव करतात.

एका आक्षेपाचा विचार उरतो. लाखो माणसे येतात तेव्हा एकट्याच्या सद्वर्तनाने पाणी, प्रवाळ आणि गाव यांच्यावरचा ताण कमी होत नाही. हे खरे आहे. किती जहाजे येऊ द्यावीत हा प्रश्न धोरणाचा आहे आणि तो बेटावरच्या लोकांनी व त्यांच्या सरकारने सोडवायचा आहे. कांटच्या भाषेत, पाहुणचाराच्या अटी ठरवण्याचा अधिकार यजमानाचा. येणाऱ्याचा हक्क भेटीपुरता आहे आणि त्याची जबाबदारी त्या अटी समजून घेऊन पाळण्याची आहे. ती पाळल्याने तो यात्रेकरू होणार नाही, कारण त्याला देवीकडे काही मागायचे नाही. तो चांगला पाहुणा होईल, आणि काही तासांच्या मुक्कामात तेवढे साधले तरी पुरेसे आहे.