धूसरता आणि साक्ष

‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या जगात माती, दगड, झाडाची पालवी असे सारे काही एक मीटर बाजूच्या घनांत विभागलेले असते आणि घनाचा प्रत्येक पृष्ठभाग मूळ रूपात १६ गुणिले १६ ठिपक्यांचा असतो. मार्कुस पेरसन याने २००९ मध्ये लोकांपुढे आणलेल्या या स्वीडिश खेळाने वास्तवाचा आभास निर्माण करण्याची हौस प्रारंभापासूनच बाजूला ठेवली होती. तेथे वाळू आणि खडी कोसळते. दगड मात्र खालचे सर्व काढून घेतले तरी अधांतरी राहतो. अशा जगावर खेळाडूंपैकीच काहींनी ‘शेडर’ नावाच्या संगणकीय संहिता चढवल्या. त्यांतून सावल्या आल्या, पाण्यावरची चमक आली, आणि त्यांच्या जोडीने ‘मोशन ब्लर’, म्हणजे गतिजन्य धूसरताही आली. वरवर पाहता ही निव्वळ सजावट आहे. परंतु तिच्या पोटात प्रतिरूपणाच्या नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. जे कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नाही, त्यावर कॅमेऱ्याची खूण उमटवणे कितपत प्रामाणिक आहे?

छायाचित्रातील धूसरता ही काळाची खूण असते. सेकंदाला २४ चौकटी टिपणाऱ्या चित्रपटात प्रत्येक चौकट रूढ पद्धतीने सेकंदाच्या ४८व्या भागाइतका वेळ उघडी राहते, आणि तेवढ्या अवधीत हललेली वस्तू आपला माग ठेवून जाते. अवधी फार वाढला तर मागही उरत नाही. लुई दागेर याने १८३८ च्या सुमारास टिपलेल्या पॅरिसमधील रस्त्याच्या चित्रात वाहती वर्दळ नाहीशी झाली आहे. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा शिल्लक आहे. ते चित्र खोटे बोलत नाही, फक्त थांबलेल्याचीच दखल घेते. चार्ल्स सँडर्स पर्सच्या चिन्हमीमांसेत ज्याला निर्देशक चिन्ह म्हणता येईल, ते हेच: चिन्ह आणि वस्तू यांच्यात येथे कार्यकारणाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

खेळातील चौकटीला असा अवधीच नसतो. ती एका शून्य क्षणासाठी गणिताने सिद्ध केलेली असते. शेडर प्रत्येक ठिपक्याची खोली पाहतो, तोच बिंदू मागच्या चौकटीत पडद्यावर कोठे असता याचा हिशेब करतो आणि त्या दोन स्थानांमधील दिशेने रंगांची सरासरी काढतो. पावलाविनाच उमटलेला हा माग आहे. म्हणून शुद्धतावादी समीक्षक त्याला कूटसाक्ष ठरवील. पण त्याचा युक्तिवाद अर्ध्यावर थांबतो. ज्या रेखीव चौकटीची तो कड घेतो, तशी चौकटही कोणत्या डोळ्याने कधी पाहिलेली नाही. नागार्जुनाने गतागतपरीक्षेत गतात आणि अगतात गमन शोधून पाहिले व ते कोठेच सापडत नाही असे दाखवले. रेखीव चौकटींच्या रांगेतही नेमके तेच घडते. लुकासफिल्मच्या संगणक विभागातील कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये प्रकाशकिरण काळावर विखरून धूसरता साधण्याची रीत मांडली, तीही याच अडचणीपोटी. तेव्हा कृत्रिमता हा दोष मानायचा, तर तो दोन्ही पक्षांकडे सारखाच आहे.

खरा प्रश्न धूसर कोण होते, हा आहे. केवळ खोलीवर चालणाऱ्या या रीतीला फक्त पाहणाऱ्याची हालचाल कळते. खेळाडू स्थिर असताना समोरून मेंढी धावत गेली तर ती रेखीवच राहते. उलट त्याने मान वळवताच अचल डोंगर फरफटल्यासारखा होतो. मेंढीचा पाठलाग करीत नजर फिरवली, तर उघड्या डोळ्यांना मेंढी स्पष्ट आणि पार्श्वभूमी पुसट दिसावी. परंतु मेंढी चालते आहे हेच सूत्राला ठाऊक नसल्याने तीही डोंगराबरोबर फासली जाते. दागेरच्या चित्रात चालणाऱ्याच्या वाट्याला आलेला लोप येथे थांबलेल्याच्या वाट्याला येतो. स्वतःची अस्वस्थता जगावर लादून तिलाच जगाचे वर्णन म्हणणारा निवेदक मराठी कादंबरीच्या अभ्यासकांना नवा नाही. तेथे निदान लेखक निवेदकापासून अंतर राखू शकतो आणि वाचकाला ते अंतर जाणवते. येथे मात्र ते राखायला कोणी नाही. प्रत्येक वस्तूचा वेग स्वतंत्रपणे नोंदवणारी रीत उपलब्ध आहे आणि इतर खेळांत ती वापरलीही जाते. पण तिच्यासाठी हलणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या गतीची दखल घ्यायची तर तेवढा खर्च पडतोच.

याहून अवघड बाब बांधकामाची आहे. या खेळाचा अर्थ बांधण्यात आहे, आणि ठोकळा ठेवण्याच्या क्रियेला अवधीच नाही. खेळाचे जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकते. ठोकळा एका ठोक्याला नसतो, पुढच्या ठोक्याला असतो. तासन्‌तास रचलेली भिंत कोणताही माग ठेवीत नाही, आणि तिच्यासमोरून घाईने वळलेली नजर मात्र संपूर्ण पडदाभर उमटते. ठोकळा नेमका बसवण्यासाठी खेळाडू क्षणभर थांबतो, तेव्हा धूसरता निघून जाते आणि पृष्ठभागावरचे १६ गुणिले १६ ठिपके पुन्हा मोजता येतात.