दप्तर पाहूं मागणें हा अविश्वास काय?

खेडेगांवांत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो कायद्याचा नसून मनाचा आहे. तलाठ्याच्या दप्तरांत आपल्या जमिनीविषयीं काय लिहिलें आहे तें पाहूं मागणें, ग्रामपंचायतीच्या खर्चाचा तपशील मागणें, हें कोणावर तरी अविश्वास दाखविणें होय काय? पुष्कळ सज्जन माणसें तसें समजतात. भाऊसाहेब नेहमीं भेटतात, आपल्या ओट्यावर बसून चहा घेतात. त्यांच्यापुढें लेखी अर्ज कसा ठेवावा? या संकोचाची आम्ही थट्टा करीत नाहीं. त्याच्या मुळाशीं शेजारधर्म आहे. परंतु तो चुकीच्या जागीं ठेविला गेला आहे असें आमचें मत आहे, आणि त्याची किंमत बहुधा गरिबासच द्यावी लागते.

दप्तर कोणाचें हें आधीं ठरवूं. गांव नमुना सात व बारा, म्हणजे आपला सातबारा. खातें दाखविणारा आठ-अ. आणि जमीन एका नांवावरून दुसऱ्या नांवावर कशी गेली हें सांगणारी फेरफाराची वही, हीं तलाठ्याच्या मालकीचीं नव्हत. तीं आपल्याविषयीं लिहिलेलीं असून राखण्यासाठीं त्याच्या हातीं दिलेलीं आहेत. ठेव पाहूं मागितली म्हणून प्रामाणिक राखणदार रागावत नाहीं. उलट ती सर्वांनीं पाहिली कीं त्याच्यावरील वृथा संशय फिटतो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें अधिकार अभिलेखांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चूक लिहिली गेली तरी ती खरी म्हणून चालते, आणि ती खोटी आहे हें दाखविण्याचें ओझें ज्याचें नुकसान झालें त्याच्याच डोक्यावर येतें. फेरफार धरला कीं संबंधितांस नोटीस व हरकतीस पंधरा दिवस, अशी सोय कायद्यानें ठेविली आहे. पण चावडीवरील नोटीस ज्यानें वाचलीच नाहीं, त्याचे पंधरा दिवस केव्हां येतात व केव्हां जातात?

मुळशी तालुक्यानें याचा अनुभव घेतला आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापती बापट यांच्या पुढारपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. तो १९२४ पर्यंत चालला. त्या वेळीं जमीन कसणारा एक व कागदावर नांव दुसऱ्याचें, अशी पुष्कळ ठिकाणीं स्थिती होती. पुण्यांत राहणाऱ्या सावकार-मालकांस मोबदला घेऊन मोकळें होणें परवडलें. ज्यांचा घाम त्या मातींत मुरला होता त्यांचें दुःख कोणत्या रकान्यांत लिहावयाचें होतें? पुढें १ जून २००१ रोजीं सरकारनें मुळशी व वेल्हे या तालुक्यांतील अठरा गांवें गिरिस्थानासाठीं जाहीर केलीं, आणि वरसगांव धरणाच्या कांठीं दासवें गांवाजवळ लवासा उभें राहूं लागलें. जमीन आपल्या हातून कशी गेली हें आपणांस समजलेंच नाहीं, अशा तक्रारी तेथील कित्येक कुटुंबांनीं केल्या. त्यांतील प्रत्येकीचा न्याय करण्यास आम्ही बसलों नाहीं. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें या प्रकल्पासंबंधींची एक जनहित याचिका निकालांत काढली, तेव्हां दाद मागण्यास झालेला विलंब हें त्याचें एक मुख्य कारण होतें, हें मात्र विसरण्याजोगें नाहीं. कागद वेळेवर पाहिला नाहीं तर पुढें न्यायाचें दारहि अरुंद होतें.

आपल्या शास्त्रांतहि दप्तर शोधल्याची एक गोष्ट आहे. यरुशलेमेंत मंदिर बांधणाऱ्या वडिलांस अधिकाऱ्यांनीं विचारिलें, हें बांधण्याची आज्ञा तुम्हांस कोणीं दिली? त्यांनीं कोरेश राजाच्या हुकुमाचें नांव सांगितलें. मग दारयावेश राजानें शोध करविला. बाबेलांतील दप्तरखान्यांत शोध झाला, आणि लेख सांपडला तो दूर मेद्यांच्या प्रांतांतील राजवाड्यांत. एज्राच्या पुस्तकांत हें सविस्तर आहे. आमच्या बोलण्यावर विश्वास नाहीं काय, असें म्हणून ते वडील रुसले नाहींत. दुर्बळांचें काम त्या जुन्या लेखानेंच तारलें.

आज शोध इतका कठीण नाहीं. सातबाऱ्याचा डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. जुने फेरफार व इतर कागद यांसाठीं पौडच्या तहशील कचेरींत आणि मोजणीच्या नकाशासाठीं भूमि अभिलेख कचेरींत मागणी करितां येते. जें एरव्हीं मिळत नाहीं त्यासाठीं २००५ चा माहितीचा अधिकार आहे: अर्जास दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसास तेंहि माफ, उत्तरास तीस दिवस, उत्तर न आल्यास अपील. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें तोंडी मागणें लिहून घेण्यास मदत करणें हें त्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. अर्जाची पोंच मात्र अवश्य घ्यावी. सरकारी कागद प्रजेस खुले करणारा जगांतील पहिला कायदा स्वीडन देशांत १७६६ सालीं झाला, आणि त्यासाठीं झटणारा आंडर्स क्युडेनियस हा एका गरीब प्रांतांतील पाळक होता, हें आमच्या पाळकबंधूंस कळवावयास आम्हांस संतोष वाटतो.

त्या २००५ च्या कायद्यांत आणखी एक कलम आहे: माहिती कां हवी याचें कारण अर्जदारास विचारतां येत नाहीं. हें योग्यच आहे. नाहींतर प्रत्येक कचेरी कारणांचीच परीक्षा घेत बसेल. तथापि कचेरी विचारीत नाहीं म्हणून आपणहि स्वतःस विचारूं नये असें होत नाहीं. दुसऱ्याची चूक हुडकून ती दडपण्यासाठीं पैसे मागणारे लोक निघाले आहेत. त्यांच्यामुळें खऱ्या अर्जदाराकडेहि वांकड्या नजरेनें पाहतात. शेजाऱ्याचा उतारा पाहावा काय, असें कोणी विचारील. बांधाचा तंटा असेल, जमीन विकत घ्यावयाची असेल, तर अवश्य पाहावा. त्याच्यावर कर्ज किती हें पाणवठ्यावर सांगण्यासाठीं पाहणें ही चहाडी होय, मग कायदा कांहींहि म्हणो.

आणि ज्यांस कचेरींत जाण्याची भीति वाटत नाहीं, त्यांनाहि एक मागणी जड जाते, ती घरांतली. बाप वारल्यावर वारस नोंद होते तेव्हां मुलांचीं नांवें मुख्य रकान्यांत आणि बहिणींचीं ‘इतर हक्कां’त ढकललेलीं, किंवा मुळींच नाहींत, असें पुष्कळदां आढळतें. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यांत तर मुलगा व मुलगी यांचा वांटा सारखाच आहे. उतारा आणल्यावर तो रकाना घरांत सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावा, सासरीं गेलेल्या बहिणीस बोलावून वाचावा. एखादा भाऊ उठून बाहेर जाईल. तरी वाचणाऱ्यानें थांबूं नये.